मॉर्मन पंथ आणि बहुपत्नीत्व : आज्ञा, अपवाद आणि श्रद्धा



अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी या शहरी मॉर्मन पंथाची सार्वत्रिक परिषद वर्षातून दोनदा, एप्रिलात आणि ऑक्टोबरात, भरत असते. २०१९ सालच्या ऑक्टोबरातील परिषदेत पंथाचे एक श्रेष्ठ अधिकारी डॅलिन ओक्स यांनी आपल्या भाषणाचा आरंभ त्यांना आलेल्या एका पत्राने केला. पत्र लिहिणारी बाई एका बिजवराशी लग्न करण्याच्या विचारात होती. त्या गृहस्थाची पहिली पत्नी वारलेली होती, आणि पंथाच्या मंदिरात त्या दोघांची गाठ अनंतकाळासाठी बांधली गेलेली होती. आता या बाईचीही गाठ त्याच पुरुषाशी तशीच बांधली जायची होती. तेव्हा तिने विचारले होते की, परलोकी मला माझे स्वतंत्र घर मिळेल, की नवरा आणि त्याची पहिली बायको यांच्याच घरी मला राहावे लागेल? ओक्स यांनी तिला परमेश्वरावर भरवसा ठेवायला सांगितले, आणि पुढचे सारे भाषण त्या भरवशाच्याच विषयावर दिले.

हा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांना हसू आणील. आम्हालाही प्रथम वाचताना हसू आले. परंतु ज्यांच्या आजीपणजीने जात्यावर सवतीच्या दुःखाच्या ओव्या म्हटल्या, त्यांनी या बाईला हसण्यापूर्वी थोडे थांबावे, असे आम्हाला वाटते. ती ज्या पंथाची आहे त्या पंथाने बहुपत्नीत्व १८९० साली सोडले. आज त्या पंथात कोणी दुसरी बायको केली तर त्याचे सभासदत्व जाते. असे असताना एकविसाव्या शतकातील एका सुशिक्षित अमेरिकन स्त्रीला सवतीची चिंता पडावी, आणि तीही मेल्यानंतरच्या सवतीची, हे कसे घडले? आजच्या व्याख्यानात आम्ही या एकाच प्रश्नाचा माग काढणार आहोत. त्यासाठी आधी त्या पंथाच्या ग्रंथांत शिरावे लागेल, मग न्यायालयात, आणि शेवटी पुन्हा मंदिरात.

प्रथम पंथाची तोंडओळख करून घेऊ. त्याचे अधिकृत नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे. ‘मॉर्मन’ हे लोकांनी दिलेले नाव. ते वापरू नये असा त्या पंथाचा अलीकडे आग्रह असतो, पण इतिहासात तेच रूढ असल्यामुळे सोयीसाठी आम्ही ते वापरतो. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ. त्याचा जन्म १८०५ साली व्हर्माँट राज्यात झाला. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात त्याने ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ छापला आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला आपला पंथ स्थापन केला. जेरुसलेम सोडून समुद्रमार्गे अमेरिकेत आलेल्या एका प्राचीन इस्राएली कुळाची कथा या ग्रंथात आहे. आपण तो सोन्याच्या पत्र्यांवरून ईश्वरी साहाय्याने भाषांतरित केला, असे स्मिथ सांगे. आज या पंथाचे जगभरात १ कोटी ७० लाखांहून अधिक सभासद आहेत.

या पंथाचे एक वैशिष्ट्य आधीच ध्यानात ठेवले पाहिजे. इतर ख्रिस्ती लोकांच्या मते शास्त्र बायबलाशी संपले. मॉर्मनांच्या मते ते संपलेले नाही. त्यांच्या पंथाचा अध्यक्ष हा जिवंत संदेष्टा मानला जातो आणि देव त्याच्याशी आजही बोलतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. स्मिथला वेळोवेळी झालेली प्रकटीकरणे ‘डॉक्ट्रिन अँड कॉव्हेनंट्स’, म्हणजे ‘सिद्धांत आणि करार’, या निराळ्या ग्रंथात संग्रहित केलेली आहेत. शास्त्र असे उघडे राहिले की त्यात नवी आज्ञा येऊ शकते आणि जुनी थांबवली जाऊ शकते. बहुपत्नीत्वाची सगळी कथा या दोन्ही शक्यतांची कथा आहे.

आता ग्रंथ काय म्हणतात ते पाहू. बहुपत्नीत्वाबद्दलचे मॉर्मन शास्त्रातील पहिले वचन बहुपत्नीत्वाच्या विरुद्ध आहे, हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. ‘बुक ऑफ मॉर्मन’मध्ये जेकब नावाच्या धर्मोपदेशकाचा एक भाग आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात जेकब आपल्या लोकांची कानउघाडणी करतो. ते लोक दावीद आणि शलमोन या राजांचे दाखले देऊन अनेक स्त्रिया करू लागले होते. जेकब त्यांना देवाच्या वतीने बजावतो की, त्या राजांच्या अनेक बायका आणि उपपत्नी ही देवाच्या दृष्टीने ओंगळ गोष्ट होती. पुरुषाला एकच बायको असावी आणि उपपत्नी एकही असू नये. नवऱ्यांच्या वागण्याने बायकांची मने मोडली आहेत, त्यांचा शोक देवाच्या कानी गेला आहे, असेही तो सांगतो. पुढच्या अध्यायात तर तो आपल्या लोकांना आणखी खाली पाहायला लावतो. ज्या शेजाऱ्यांना तुम्ही हीन समजता ते एकपत्नीव्रत पाळतात, म्हणून ते तुमच्याहून बरे, असे तो म्हणतो.

परंतु याच उपदेशाच्या मध्यावर एक लहानसे वाक्य आहे. त्याचा आशय असा की, देवाला आपल्यासाठी संतती वाढवायची असेल तर तो तशी आज्ञा करील. एरवी लोकांनी वरील नियमच पाळावा. म्हणजे नियम एकपत्नीत्वाचा आणि अपवाद ईश्वरी आज्ञेचा. १८३० साली हे वाक्य कोणाच्या फारसे नजरेत भरले नाही. उलट १८३५ साली ‘डॉक्ट्रिन अँड कॉव्हेनंट्स’ प्रथम छापले गेले तेव्हा त्यात विवाहाविषयी एक लेख घातलेला होता, आणि त्यात एका पुरुषाने एकच बायको करावी असे स्वच्छ सांगितले होते.

दुसरे वचन १८४३ सालचे आहे. तोवर पंथ इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी नाऊव्हू या गावी वसलेला होता. १२ जुलै १८४३ रोजी जोसेफ स्मिथने आपला लेखनिक विल्यम क्लेटन याला एक प्रकटीकरण सांगितले. तेच आजचे एकशे बत्तिसावे प्रकरण होय. अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, दावीद आणि शलमोन यांच्या अनेक बायकांना देवाने मान्यता कशी दिली, या स्मिथच्या पृच्छेने त्याची सुरुवात होते. उत्तरात दोन गोष्टी एकमेकींत गुंतवलेल्या आहेत, आणि त्या सोडवून पाहणे फार महत्त्वाचे आहे.

पहिली गोष्ट अशी की, साधा विवाह मृत्यूबरोबर संपतो. पण अधिकारी पुरुषाने देवाच्या करारानुसार बांधलेला विवाह मृत्यूनंतरही टिकतो, आणि असे जोडपे परलोकी देवत्वाच्या पदाला पोचते. या विधीला मॉर्मन ‘सीलिंग’ म्हणतात. मोहोर लावून पक्के करणे असा त्याचा अर्थ. आपण त्याला ‘शाश्वत गाठ’ म्हणू. दुसरी गोष्ट अशी की, देवाच्या आज्ञेने पुरुष याच कराराखाली आणखी स्त्रियाही करू शकतो. अब्राहामाला सारेने हागार दिली ती आज्ञेनेच. दावीद आणि शलमोन यांच्या बायकाही देवानेच दिलेल्या. दाविदाचे पाप झाले ते उरीयाच्या बायकोपुरते. ज्या दोन राजांचे उदाहरण जेकबाने ओंगळ म्हणून दिले, तेच राजे येथे निर्दोष ठरतात. दोन्ही वचने एकाच पंथाच्या शास्त्रात आजही आहेत.

या प्रकरणात स्मिथच्या पत्नीला, एमाला, तिच्या नावाने उद्देशून आज्ञा आहे. तिच्या नवऱ्याला दिलेल्या इतर स्त्रियांचा तिने स्वीकार करावा, न केल्यास तिचा नाश होईल, असे तिला बजावलेले आहे. नव्या स्त्रीसाठी पहिल्या बायकोची संमती घ्यावी असा नियमही तेथे आहे. मात्र तिने संमती नाकारली तर नवऱ्याला तिच्या संमतीचे बंधन उरत नाही. अशा संमतीला संमती म्हणावे का, याचा विचार सभेतील भगिनींनी करावा. वस्तुतः स्मिथने प्रकरण लिहिले जाण्यापूर्वीच गुप्तपणे अनेक विवाह केलेले होते. २०१४ साली पंथाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्याच्या विवाहांची संख्या तीस ते चाळीस असावी, त्यांतील काही स्त्रिया आधीच विवाहित होत्या आणि सर्वांत लहान मुलगी पंधरा वर्षे पूर्ण व्हायला काही महिने असलेली होती, हे मान्य केलेले आहे. एमा मात्र हे शेवटपर्यंत पचवू शकली नाही. आपल्या नवऱ्याने असे काही केलेच नव्हते, असे ती १८७९ साली मरणापूर्वीही सांगत राहिली.

गुप्त गोष्ट फार दिवस गुप्त राहिली नाही. जून १८४४ मध्ये पंथातून फुटलेल्या मंडळींनी ‘नाऊव्हू एक्स्पोझिटर’ या पत्रात ती चव्हाट्यावर आणली. तो छापखाना मोडण्याचा हुकूम निघाला, त्यावरून स्मिथला अटक झाली, आणि २७ जूनला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला ठार मारले. पुढे ब्रिगहॅम यंग याच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य अनुयायी १८४७ साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात जाऊन पोचले. तेथे २९ ऑगस्ट १८५२ रोजी ऑर्सन प्रॅट याने बहुपत्नीत्वाचा सिद्धांत प्रथमच उघडपणे जाहीर केला. १८७६ साली ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा एकपत्नीत्वाचा जुना लेख काढून टाकण्यात आला आणि एकशे बत्तिसावे प्रकरण आत आले.

युटामधील त्या चाळीस वर्षांचे चित्र एकरंगी नाही. प्रत्येक पुरुषाला डझनभर बायका होत्या ही समजूत चुकीची आहे. स्वतः यंगने पन्नासांहून अधिक स्त्रियांशी विवाह केले हे खरे. पण बहुपत्नीक पुरुषांपैकी बहुतेकांना दोनच बायका होत्या. तथापि १८५७ च्या सुमारास युटातील जवळजवळ निम्मे लोक नवरा, बायको किंवा मूल या नात्याने अशा घरांत राहत असावेत, असा अंदाज आहे. यंगची एक पत्नी अ‍ॅन एलायझा हिने त्याच्यावर घटस्फोटाचा दावा लावला आणि १८७५ साली या प्रथेवर कडक पुस्तक लिहिले. उलट एमेलीन वेल्ससारख्या स्त्रिया ‘वुमन्स एक्स्पोनंट’ या पत्रातून त्याच प्रथेचे हिरिरीने समर्थन करीत होत्या. मार्था ह्यूज कॅनन ही डॉक्टर बाई एका गृहस्थाची चौथी पत्नी होती. १८९६ साली राज्याच्या सेनेटसाठी उमेदवारांच्या यादीत तिचा नवराही होता. ती निवडून आली, तो पडला; आणि अमेरिकेतील राज्यांच्या सेनेटवर बसणारी ती पहिली स्त्री ठरली. सवती असलेल्या सगळ्याच स्त्रिया दुबळ्या होत्या असे म्हणता येत नाही. पण जेकबाने वर्णिलेली मोडलेली मनेही तेथे होती, हे त्यांच्याच आत्मकथनांवरून दिसते.

आता न्यायालयाकडे वळू. अमेरिकेच्या काँग्रेसने १८६२ साली बहुपत्नीत्वाला गुन्हा ठरवले. मॉर्मनांचे म्हणणे होते की, हा आमचा धर्म आहे आणि राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिले आहे. याचा निकाल लागावा म्हणून यंगचा चिटणीस जॉर्ज रेनॉल्ड्स याच्यावरील खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी १८७९ मध्ये सरन्यायाधीश मॉरिसन वेट यांनी निकाल दिला. त्याचे सार असे की, सरकार मनातील श्रद्धेला हात लावू शकत नाही. आचरणाला मात्र लावू शकते. दाखला देताना वेट यांनी चक्क सतीची चाल पुढे केली. नवऱ्याच्या चितेवर जळणे हा आपला धर्म आहे असे एखादी स्त्री मानीत असेल, तर तिला अडवण्याचा अधिकार सरकारला नाही काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच निकालात बहुपत्नीत्व ही आशिया आणि आफ्रिकेतील लोकांची रीत म्हणून हिणवलेलीही आहे. युटातील गोऱ्या ख्रिस्ती माणसांचा खटला आणि पुरावा हिंदुस्थानचा, असा हा प्रकार.

पुढे कायदे कडक होत गेले. १८८२ च्या एडमंड्स कायद्याने बहुपत्नीकांचा मताधिकार काढला. १८८७ च्या कायद्याने तर पंथाची नोंदणीकृत संस्थाच विसर्जित केली, तिची मोठी मालमत्ता जप्त करण्याची तरतूद केली, आणि युटातील स्त्रियांना १८७० पासून असलेला मताधिकारही काढून घेतला. बहुपत्नीत्वापासून स्त्रियांना सोडवायला निघालेल्या कायद्याने त्यांचे मतच हिरावले, हेही विसरता कामा नये. पंथाचे अध्यक्ष जॉन टेलर अटकेच्या भीतीने लपून राहिले असतानाच १८८७ साली वारले. शेजारच्या आयडाहो प्रांतात आणखी एक पाऊल टाकले गेले. बहुपत्नीत्वाची शिकवण देणाऱ्या संस्थेचा आपण सभासद नाही, अशी शपथ तेथे मतदाराला घ्यावी लागे. मग त्याची स्वतःची बायको एकच का असेना! १८९० च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ‘डेव्हिस विरुद्ध बीसन’ या खटल्यात ही शपथही वैध ठरवली.

हा खटला आम्ही मुद्दाम नाव घेऊन सांगितला, कारण तो पुढे आपल्या मुंबईला आला आहे. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंसाठी द्विभार्याप्रतिबंधक कायदा केला. नव्या घटनेनंतर त्याला आव्हान दिले गेले, आणि १९५१ साली ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी’ हा खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती छगला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्यापुढे चालला. हिंदूला सद्‌गतीसाठी मुलगा हवा, म्हणून मूल नसल्यास दुसरी बायको करणे हा धर्माचाच भाग आहे, असा तेथे वाद होता. छगलांनी उत्तर दिले की, हिंदू धर्माने दत्तकाचीही सोय केलेली आहे; तेव्हा एकपत्नीत्वात राहूनही वंश चालू शकतो. श्रद्धा आणि आचार यांतील भेद स्पष्ट करण्यासाठी त्यांनी ‘डेव्हिस विरुद्ध बीसन’चाच आधार घेतला. वेट यांनी सतीचा दाखला अमेरिकेत नेला होता. छगलांनी मॉर्मनांचा दाखला मुंबईत आणला. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हिंदूंमधील द्विभार्या विवाह देशभर रद्द ठरवला.

येथे आपण क्षणभर थांबून एक गोष्ट पाहू. जेकबाच्या उपदेशातील अपवाद संततीसाठी होता. नरसूच्या खटल्यातील वादही संततीचाच होता. आपल्या आपस्तंब धर्मसूत्रातही हाच न्याय आहे. धर्मकृत्यांत साथ देणारी आणि संतती असलेली पत्नी असताना पुरुषाने दुसरी करू नये, असे ते सूत्र सांगते. म्हणजे यांपैकी एक नसेल तर दार उघडे. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन समाजांत नियम तोच आणि फटही तीच. शास्त्रकाराने अपवाद लिहिताना तो विरळा म्हणून लिहिलेला असतो. पण अपवाद कधी लागू करायचा हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, तो बहुधा पुरुष असतो. आणि ज्या बाईवर तो लागू होतो तिला कोणी विचारीत नाही. मॉर्मनांची कथा परक्याची म्हणून ऐकणाऱ्याने एवढे ध्यानात घेतले तर तिच्यातील परकेपणा बराच कमी होतो.

पुन्हा युटाकडे जाऊ. सगळीकडून कोंडी झाल्यावर अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी सप्टेंबर १८९० मध्ये एक जाहीरनामा काढला आणि ६ ऑक्टोबरला परिषदेने तो मान्य केला. त्यात त्यांनी आपल्या लोकांना देशाच्या कायद्याने मना केलेला विवाह करू नका, असा सल्ला दिला. हे चालू राहिले तर मंदिरे जातील आणि सारे विधी थांबतील असे देवाने आपल्याला दाखवले, असे त्यांनी नंतर सांगितले. १८९६ च्या जानेवारीत युटाला राज्याचा दर्जा मिळाला, तो बहुपत्नीत्व कायमचे बंद राहील या अटीवर. तरीही काही विवाह आतून होतच राहिले. तेव्हा १९०४ साली अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांनी दुसरा जाहीरनामा काढून, यापुढे असा विवाह करणाऱ्याला पंथाबाहेर काढले जाईल, असे बजावले.

जाहीरनाम्याचे शब्द नीट वाचले म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर हाती लागते. आचरण थांबवा, एवढेच तो सांगतो. तत्त्व चुकीचे होते असे तो कोठेही म्हणत नाही. १९०८ पासून तो ग्रंथातही छापला जातो, पण त्याच ग्रंथात एकशे बत्तिसावे प्रकरणही जसेच्या तसे आहे. जेकबाच्या नियमाकडे पंथ परत आला, पण अपवादाचे वाक्य पुसले गेले नाही. त्यामुळे त्या शास्त्राचे तीन निरनिराळे अर्थ लावणारे तीन गट निर्माण झाले.

पहिला गट मूलतत्त्ववाद्यांचा. त्यांच्या मते देवाची आज्ञा माणसाच्या कायद्यापुढे वाकत नाही. जॉन टेलर यांना १८८६ साली हा करार कधीच रद्द होणार नाही असे प्रकटीकरण झाले होते, यावर त्यांची भिस्त होती. पंथ त्या कागदाचे अस्तित्व दीर्घकाळ नाकारीत आला. २०२५ साली मात्र पंथाच्याच ग्रंथसंग्रहाने तो प्रसिद्ध केला. हे गट मुख्य पंथाच्या बाहेर आहेत. १९५३ च्या जुलैत ॲरिझोना राज्याने त्यांच्या शॉर्ट क्रीक या वस्तीवर पहाटे छापा घालून मुलांना आयांसह हलवले, तेव्हा लोकमत सरकारवरच उलटले. पण या बंद वस्त्यांत काय चालू शकते तेही पुढे दिसले. त्यांच्यातील एका मोठ्या गटाचा पुढारी वॉरन जेफ्स याला अल्पवयीन मुलींवरील अत्याचारांबद्दल २०११ साली टेक्सासमध्ये जन्मठेप झाली. २०२० साली युटाने कायदा बदलून सज्ञान व्यक्तींच्या राजीखुशीच्या बहुपत्नीत्वाला किरकोळ अपराधाच्या पायरीवर आणले. बळजबरी आणि फसवणूक असेल तर तो गंभीर गुन्हाच राहतो. लपून राहणाऱ्या बायकांना मदत मागायला बाहेर येता यावे, हे त्याचे एक कारण सांगितले गेले.

दुसरा गट एमाच्या बाजूचा. स्मिथचा थोरला मुलगा १८६० साली त्याचा अध्यक्ष झाला. या गटाने बहुपत्नीत्व मुळातच नाकारले. ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ हे त्याचे आजचे नाव. गंमत अशी की, जन्मापासून बहुपत्नीत्वाशी लढणाऱ्या या पंथापुढे तोच प्रश्न आपल्या ओरिसातून जाऊन उभा राहिला. तेथील सोरा आदिवासींत त्यांनी धर्मप्रसार केला, तेव्हा ज्यांना आधीच दोन बायका आहेत त्यांना दीक्षा द्यावी की नाही, असा पेच पडला. दुसरीला टाकून ये म्हणावे तर त्या बाईने जायचे कोठे? १९७२ साली त्यांच्या अध्यक्षांनी प्रकटीकरणाद्वारे अशांना दीक्षेची मोकळीक दिली. एकपत्नीत्वाचा आग्रह न सोडताही आधीच्या संसारातील बाईला रस्त्यावर न आणण्याचा विचार त्यांनी केला, हे आम्हाला मोलाचे वाटते.

तिसरा गट म्हणजे मुख्य पंथ, आणि आपल्या पत्रलेखिकेचा पंथ तोच. तेथे इहलोकी बहुपत्नीत्वाला जागा नाही. १९९८ साली अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्या प्रथेचा निषेध केला. २०१४ च्या निबंधांनीही एकपत्नीत्व हाच देवाचा कायमचा नियम असल्याचे सांगितले. पण सीलिंगच्या विधीत जुना अपवाद शिल्लक आहे. बायको वारलेल्या पुरुषाला दुसऱ्या स्त्रीशीही शाश्वत गाठ बांधता येते, आणि पहिली गाठ सुटत नाही. बाईचे तसे नाही. एका पुरुषाशी गाठ असलेली विधवा जिवंतपणी दुसऱ्याशी ती गाठ बांधू शकत नाही. मात्र ती आणि तिचे नवरे वारल्यानंतर, हयातीत ज्यांच्याशी लग्न झाले त्या सर्वांशी तिची गाठ बांधण्याची सोय अलीकडच्या नियमांनी केलेली आहे. पत्राला उत्तर देणारे ओक्स स्वतः पहिली पत्नी वारल्यावर २००० साली पुन्हा विवाहबद्ध झालेले आहेत, आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून तेच पंथाचे अध्यक्ष आहेत.

मग परलोकी काय होईल? १९५८ साली ब्रूस मॅककाँकी या विख्यात लेखकाने आपल्या ग्रंथात, ख्रिस्ताच्या पुनरागमनानंतर ही प्रथा पुन्हा सुरू होईल, असे बेधडक लिहिले होते. आजचे अधिकारी असे काही सांगत नाहीत. ते भरवसा ठेवायला सांगतात. कॅरल लिन पिअर्सन या मॉर्मन कवयित्रीने २०१६ साली एक पुस्तक लिहून, ही परलोकीच्या सवतीची सावली आजच्या संसारांवर कशी पडते ते दाखवले. आपण आधी वारलो तर नवरा दुसरी करील आणि अनंतकाळ आपल्याला वाटेकरीण मिळेल, या धास्तीत जगणाऱ्या बायका तिला भेटल्या. दुसरीकडे, पहिल्या पत्नीला तिचे स्थान राहते याचाच दिलासा मानणाऱ्याही अनेक जणी आहेत. श्रद्धावान स्त्रीला यात पंथ सोडावा असे वाटत नाही. तिला फक्त स्पष्ट उत्तर हवे असते.

आता आम्ही समारोप करतो. अमेरिकेच्या न्यायालयाने १८७९ साली आणि मुंबईच्या न्यायालयाने १९५१ साली एकच रेषा ओढली. आचार राज्याच्या हाती, श्रद्धा माणसाच्या. ही रेषा योग्यच आहे, आणि तिच्यामुळे दोन्ही देशांत असंख्य स्त्रियांचे संसार वाचले. पण कायद्याचे काम त्या रेषेपाशी संपते. तो युटातल्या घरातून सवतीला बाहेर काढू शकला. तिच्या स्वर्गातल्या घराबद्दल तो काहीच बोलू शकत नाही. तेथे बोलायचे तर पंथानेच बोलले पाहिजे. जेकबाच्या अध्यायात बायकांचा शोक देवाने ऐकला असे लिहिलेले आहे. त्या पत्रलेखिकेने आपल्या धर्मगुरूकडे यापेक्षा अधिक काही मागितलेले नव्हते. तिच्या पत्राला एवढ्या मोठ्या सभेत जागा मिळाली, ही सुरुवात म्हणायला हरकत नाही. उत्तर मात्र अजून यायचे आहे.

आणि आपल्यापुरते म्हणाल तर, द्विभार्याप्रतिबंधक कायदा होऊनही आपल्याकडे मुलासाठी दुसरे लग्न करण्याचा सल्ला देणारी वडीलधारी माणसे किती वर्षे होती, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरात करून पाहावा. परक्या पंथाचा इतिहास ऐकून घरी जाताना एवढा विचार बरोबर नेला, तर आम्ही आपला जो वेळ घेतला तो सार्थकी लागला असे समजू.